दारं धरायला बाई, मिटिंगला बुवा?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं रान मायनरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, अगदी शेपटाला आहे. नवरा कंपनीत शिफ्टला जातो त्यामुळे रात्रीची पाण्याची पाळी आली की बॅटरी घेऊन दारं मीच धरते, म्हणजे वाफ्यांना पाणी मीच देते. कालव्याचं पाणी वाटून घेणारी आमची शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था आहे, तिच्या मिटिंगला गेले तर म्हणाले तुम्ही सभासद नाही, मालकांना पाठवा. समितीवर एक बाई आहेत पण मिटिंगला त्यांचे मिस्टरच येतात, रजिस्टर सहीला घरी जातं. मला काही करता येईल का?

उत्तर : येईल की, पण आधी कागदाचं बघू. आपल्याकडे पाणी वापर संस्था 2005 च्या कायद्याने चालतात आणि त्यात सभासदत्व जमिनीला बांधलेलं आहे, म्हणजे लाभक्षेत्रातल्या, कालव्याचं पाणी पोचतं त्या, जमिनीचा धारक नाहीतर भोगवटादार. सातबारा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर चिखलात कोण उभं राहतं हे कुणी विचारत नाही. जमीन त्यांचीच असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत, ही 1992 पासून आहे, तुमचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं, अर्ज मात्र नवऱ्याने करायचा असतो, तेव्हा आधी घरात बोला आणि मग तलाठ्याकडे जा. दोघांची नावं लागल्यावर मत कुणाचं धरतात ते संस्थेच्या पोटनियमात बघून घ्या, नाहीतर ऐन निवडणुकीत वाद घालतात.

खरं सांगू का, पाण्याचा हक्क जमिनीवरच का मोजायचा हे मला कधी पटलं नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी माणशी अर्धा एकर या हिशोबाने दिलं, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस बंद ठेवला. माणसं मोजली की बाई आपोआप मोजली जाते. असो, सध्याचा कायदा तसा नाही.

पण या कायद्यात तुमच्या कामाचं एक आहे, समितीवर माणसं कालव्याचं शिर, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांतून घ्यायची असतात, आणि बाईसाठीही जागा ठेवायची तरतूद आहे. शेपटाकडची जागा तुमच्यासारखीनेच धरावी असं मला वाटतं. वरच्या अंगाला कुणी रात्री चारीत पोतं टाकून पाणी वळवलं, कुठलं दार गळतंय, हे दारं धरणाऱ्यालाच ठाऊक असतं, चेअरमनला नाही.

नाव लागेपर्यंत गप्प बसू नका. पाळीचा तक्ता बोर्डावर लावायला सांगा. संस्थेला पाणी घनमापाने मोजून मिळतं, म्हणून मायनरच्या तोंडाशी पाणी मोजायच्या पट्टीवरचं रीडिंग पाणी सुटताना कोण घेतं ते विचारा, आणि ते घेताना शेपटाकडच्या दोघीतिघी तिथे उभ्या राहा. शेपटाला कायम रात्रच का, पाळी दिवसा-रात्री फिरती करा अशी मागणी लेखी द्या, खाली जितक्या जणींच्या सह्या मिळतील तितक्या घ्या.

आणि उद्या समितीवर गेलात तर रजिस्टर घरी येईलच. सही करू नका, मिटिंग कधी आहे ते विचारा आणि तिथे जाऊन करा.