चार वेळा हेड उतरलं, सीट कुणी पाहिलीच नाही

प्रश्न: वय ४४. स्वतःचा ट्रक आहे, १४ वर्षं जुना, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. कर्ज फिटलंय, गाडी मीच चालवतो. सगळा खर्च जाऊन महिन्याला ६० हजार सुटतात. अडीच वर्षांत चार वेळा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्हवालं झाकण, उतरवावं लागलं. दर वेळी तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, एकदा पुशरॉडही वाकला. दर वेळी ३८ हजारांच्या आसपास खर्च आणि गाडी आठवडाभर उभी. आता मिस्त्री म्हणतात हाफ इंजिन (लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं) करून टाका, १ लाख ८० हजारांत पाच वर्षं बघायला नको. त्यासाठी विमा पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढू की मुलीच्या नावाची १ लाखाची एफडी मोडू? की गाडी विकून २५ लाखांचं कर्ज घेऊन नवी घेऊ? पुढच्या वर्षी भाडं वाढणार असं सगळे म्हणतात. बिलं, अंदाजपत्रक आणि पॉलिसीचे फोटो सोबत पाठवतोय.

उत्तर: पैसे कुठून आणायचे हे नंतर बघू. तुमची चारही बिलं मी एकाखाली एक ठेवून वाचली. व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, लॅपिंग पेस्ट, ऑइल, मजुरी. एका बिलात पुशरॉड जास्तीचा. मशीन शॉपची एकही ओळ नाही. सीट (मिटलेला व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) नाही, गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरळ ठेवणारी नळी) नाही, इंजेक्टर टेस्टिंग नाही. म्हणजे दीड लाख रुपये भाग बदलण्यावर गेले आणि तो भाग का जळतोय हे शोधण्यावर शून्य. त्यात २८ दिवस गाडी उभी, दिवसाला २,४०० धरले तरी ६७ हजार. एकूण सव्वादोन लाखांच्या घरात. वर्षाला ९० हजार रुपये तुम्ही एका व्हॉल्व्हला पोसताय.

पत्रात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, आणि माझ्या मते सगळं उत्तर त्यातच आहे: "दर वेळी तिसऱ्याचं टॅपेट टाइट झालेलं सापडतं." गाडीमालक माझ्याकडे पैशांच्या सल्ल्याला बरेच येतात, त्यामुळे हा हिशेब मलाही शिकावा लागला. कॅमशाफ्टवरचा उंचवटा, म्हणजे लोब, टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यात थोडा गॅप ठेवतात, "टॅपेट टाइट" म्हणजे तो गॅप कमी झालेला. रॉकरची टोकं, टॅपेट, कॅमचा लोब झिजले तर गॅप वाढतो आणि इंजिन टकटक करतं. तुमचा गॅप कमी होतोय. टकटक नाही, काही नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत चाललाय, त्याचा दांडा वर सरकतोय आणि रॉकरला टेकतोय. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता मिटलेला असताना सीटमधूनच बाहेर जाते. तो नीट टेकलाच नाही तर ती वाट बंद, वर फटीतून जळता वायू सुटतो आणि कड जळते.

आता या रोगावर चार वेळा झालेला उपाय बघा. नवा व्हॉल्व्ह आणला, त्याच जुन्या, खोल गेलेल्या सीटवर पेस्ट लावून घासला, टॅपेट सेट केलं, हेड बसवलं. घासल्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांना जुळतात, एवढंच. खोल गेलेली सीट वर येत नाही आणि गाइड झिजून व्हॉल्व्ह तिरका पडत असेल तर तोही सरळ होत नाही. इंजिन १,८०० आरपीएमला चालताना कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ९०० वेळा उघडतो-मिटतो. आठ तासांत सव्वाचार लाख वेळा. वाकड्या सीटवर तो किती महिने टिकणार? टिकले तेवढेच टिकले.

पुशरॉड वाकला तोही याच सिलिंडरचा. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला की खालून कॅम ढकलतो, वर कुणी हलत नाही, मधला दांडा वाकतो. लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन प्रमाणाबाहेर पळवलं तरी हे होतं, कारण गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, चाकांनी ढकललेलं इंजिन थोपवू शकत नाही. पण तसं असतं तर नेहमी तिसऱ्यालाच का झालं असतं? माझा संशय गाइडवर.

तिसऱ्यालाच एवढी उष्णता का, हा पुढचा प्रश्न. त्या सिलिंडरचा इंजेक्टर नीट फवारा न मारता थेंब गाळत असेल, किंवा हेडच्या पाण्याच्या वाटेत तिथेच क्षार साचले असतील. दोन्ही तपासता येतं. आजवर कुणी तपासलेलं नाही.

आता १ लाख ८० हजारांचं अंदाजपत्रक. लायनर, पिस्टन, रिंगा ८५ हजार. बेअरिंग २०. गॅस्केट आणि ऑइल २०. मजुरी ४५. आणि हेड? "वॉशिंग व व्हॉल्व्ह लॅपिंग", १० हजार. रोग वर आहे आणि पैसे खाली चाललेत! तुम्हीच लिहिताय की ऑइल कमी होत नाही, निळा धूर नाही, चढावर गाडी ओढते. मग लायनर-पिस्टन कशासाठी बदलायचे? मिस्त्री फसवताहेत असं मी म्हणत नाही. वारंवार परत येणाऱ्या गाडीला कंटाळून "सगळंच उघडू" म्हणणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पण पाच वर्षांची हमी त्यांनी तोंडी दिलीय, आणि पाचव्यांदा जुन्या सीटवर पेस्ट घासून ती पाळता येणार नाही.

आधी चार-पाच हजार तपासणीवर घाला. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, इंजेक्टरच्या भोकातून हवा भरायला सांगा आणि शेजारी उभे राहून स्वतःच्या कानांनी ऐका. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट फुटलंय किंवा हेडला तडा आहे. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा गेल्यात. हे एकेक करून सहाही सिलिंडरला करा. रिंगा शाबूत असतील तर हाफ इंजिनाचा विषय संपला. सगळीकडून ऑइलच्या तोंडात हवा येत असेल तर मिस्त्रींचं बरोबर, मी माझं म्हणणं मागे घेईन.

त्याच दिवशी रॉकरचं कव्हर उघडलेलं असताना आणखी दोन गोष्टी करून घ्या. पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावून बाराही लोब किती उचलतात ते मोजा. तिसऱ्याचा लोब शेजाऱ्यांपेक्षा कमी उचलत असेल तर कॅमशाफ्ट आणि टॅपेट दोन्ही बदलावे लागतील. झिजलेल्या कॅमवर नवे टॅपेट घालणं म्हणजे पैसे टाकणं. दुसरं, सगळ्या रॉकरपर्यंत ऑइल पोचतंय का ते बघा. रॉकर शाफ्ट ऑइलच्या वाटेच्या शेवटी असतो, गाळ साचला की आधी तिथेच उपासमार होते. काही इंजिनांत शाफ्ट उलटा बसला तरी भोकं जुळत नाहीत, आणि चार वेळा उघडलेल्या इंजिनात ही शंका घ्यायलाच हवी.

संशय खरा निघाला तर हेड मशीन शॉपला जाईल: तड्याची तपासणी, हेड सपाट आहे का, नवे गाइड, गाइडच्या केंद्रावरून कापलेली नवी सीट इन्सर्ट, व्हॉल्व्ह, स्प्रिंगांचा ताण, इंजेक्टर टेस्टिंग. गाइड आधी, सीट नंतर. हा क्रम उलटा झाला तर पुन्हा तेच. लेखी भाव घ्या. मी तपासणीसकट ५५ हजार धरतोय. त्यानंतर दर ५,००० किलोमीटरला, थंड इंजिनावर, बाराही गॅप मोजून वहीत लिहायचे. आकडा तुमच्या इंजिनाच्या कंपनीचा घ्या. उदाहरणार्थ, कमिन्सच्या जुन्या बारा व्हॉल्व्हच्या ६बीटी इंजिनाला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. तिसऱ्याचा आकडा प्रत्येक वेळी खाली सरकताना दिसला तर जळायच्या आधी कळेल.

आता ५५ हजार कुठून? तुमच्या पॉलिसीतून, पण कर्ज काढून नाही.

पॉलिसीचा कागद बघून माझं डोकं फिरलं. वर्षाला ७२ हजार, १६ वर्षं, चार हप्ते भरून झाले, पाचवा दोन महिन्यांनी. ५६व्या वर्षी "१८ लाख मिळणार", तेही अंतिम बोनस धरून. भरणार ११ लाख ५२ हजार. ऐकायला छान, हिशेब केला की वर्षाला जेमतेम पाच टक्के. आणि एजंट म्हणतो त्याच पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज घ्या! स्वतःचे पैसे पाचने ठेवायचे आणि साडेनऊने परत आणायचे. ज्याचं उत्पन्न एका व्हॉल्व्हने बंद पडतं, त्याच्या गळ्यात १६ वर्षांचा ठरलेला हप्ता बांधायला नको होता. आणि एवढं करून तुम्ही गेलात तर घरच्यांना ९ लाख आणि जमलेला बोनस. दोन मुलं शिकताहेत. तुमच्यामागे त्यांचं काय, हे पत्रात तुम्ही विचारलेलंही नाही.

पॉलिसी सरेंडर करू नका. आज १ लाख ४५ हजार मिळतील, भरलेत २ लाख ८८. पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू. ९ लाखांचे चार-सोळांश म्हणजे सव्वादोन लाख आणि आजवरचा सुमारे १ लाख ४४ हजारांचा बोनस, मिळून ५६व्या वर्षी ३ लाख ७० हजारांच्या आसपास. आजची सरेंडर किंमत बाहेर गुंतवून तेवढं करायला दरसाल आठ टक्के लागतील. भरलेले पैसे राहू द्या, पुढचे थांबवा. आकडे कंपनीकडून लेखी घ्या, एजंटकडून नको.

मात्र पेड-अप झाली की विमा संरक्षणही तेवढंच खाली येतं. म्हणून आधी ५० लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, तो हातात पडला की मगच हप्ता थांबवा. तुमच्या वयाला १८ हजार धरले तर ७२ मधून उरतात ५४. हेडचं काम निघालं. एफडी मुलीची, तिला हात लावू नका.

पुढच्या वर्षीपासून तो हप्ता नसेल, त्यामुळे गाडीसाठी वेगळं बचत खातं उघडा आणि किलोमीटरला २ रुपये त्यात टाका. महिन्याला ५,००० किलोमीटर म्हणजे १० हजार. भारी वाटतंय? आजवर वर्षाला ९० हजार देतच होतात, फक्त ते न ठरवता देत होतात.

नवी गाडी: २५ लाख, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता ५४ हजार. तुम्हाला ६० सुटतात, तेही गाडी उभी नसलेल्या महिन्यात. भाडं वाढेल म्हणून सही करणार असाल तर करू नका. भाडं वाढतं तेव्हा डिझेल आणि टायर काही जागच्या जागी थांबत नाहीत.

टर्मच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात कुणी नुसतं "व्यापार" लिहायला सुचवेल, हप्ता कमी येतो म्हणून. ट्रक स्वतः चालवतो असंच लिहा. हजार-दोन हजार वाचवायला खोटं लिहिलंत तर दावा अडकू शकतो आणि तो सोडवायला तुम्ही नसाल.