'मारत तर नाही ना?'

प्रश्न : ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. मी शिक्षिका आहे. पगार माझ्या खात्यात जमा होतो, पण एटीएम कार्ड सासूबाईंकडे. एसटीच्या भाड्यालाही हात पसरावा लागतो. ह्यांनी कधी हात उगारला नाही, पण मी एक शब्द बोलले की 'घर माझ्या बापाचं आहे, चालती हो' म्हणतात. आई म्हणते, मारत तर नाही ना, मग सोस. माझी तक्रार कुणी ऐकेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते. 'मारत तर नाही ना' हे मी समुपदेशन करताना बावीस वर्षं ऐकलं, आणि बहुतेक वेळा माहेरच्याच तोंडून. आईवर रागावू नकोस, पण तिचं हे ऐकूही नकोस. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात मारहाणीइतकंच घालूनपाडून बोलणं आणि पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच आहे.

घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तू तिथे नांदतेस. तुला मनाला येईल तेव्हा बाहेर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून रागाच्या भरात बॅग भरू नकोस. जिवाला धोका वाटला तर मात्र 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा आणि निघायचं. निघाल्याने हक्क बुडत नाही.

एका बाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचे खाडे मांडतात तशा, बारीक फुल्या केल्या होत्या. दाराबाहेर ठेवलं त्या त्या रात्रीची फुली. घरात कुणाला संशय आला नाही, आणि अर्ज लिहिताना तिला एकेक तारीख सांगता आली. तूही असं काहीतरी कर.

शाळेतल्या फोनवरून 181 या महिला हेल्पलाइनला विचार, तुझ्या भागातले संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली बायकांच्या मदतीला नेमलेले अधिकारी, कुठे बसतात. ते अहवाल लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, पैसे लागत नाहीत. वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. बाईचा पगार कितीही असो. साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण तारखा लांबतात, हे मी लपवणार नाही.

कार्ड बंद करून नवं घेणं बँकेत एका अर्जाचं काम. पण ते आधी करू नकोस. पैसा अडला की त्याच रात्री घरात काय होतं, ते मी पाहिलंय. आधी संरक्षण अधिकारी, मग बँक.