दुकानदाराने फसवलं तर त्याचा व्हिडिओ सोशल मीडियावर टाकून लोकांना सावध करणं चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने पैसे घेतले, फोन आहे तसाच परत दिला आणि वर अरेरावी केली. त्याचा चेहरा दिसेल असा व्हिडिओ तुमच्याकडे आहे. तो नवी मुंबईच्या ग्रुपवर टाकू का आणि कायद्याची भानगड होईल का, असं विचारताय.

टाकू नका. पैसे परत हवे असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि वकील करायलाच हवा असंही नाही. बिल, मेसेज आणि तो व्हिडिओ तिथे दाखवा.

इतकं ठासून का सांगतोय, तर आमच्या आईचं नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र आहे. बाबा गेल्यावर तिने घरातूनच सुरू केलं, मग जम बसल्यावर गाळा भाड्याने घेतला. पोळ्या लाटायला दोन मावश्या, डबे पोचवायला एक मुलगा. वागळे इस्टेटमधल्या काही ऑफिसांचे डबे ही खरी कमाई, काउंटरवरची विक्री म्हणजे वरखर्चापुरती. आम्ही मालवणकडचे, त्यामुळे आईच्या आमटीत चिंच नसायची, आमसूल असायचं, तेही गावाहून आलेलं.

करोनाच्या आदल्या वर्षी एका बाईंनी संध्याकाळी पार्सल नेलं आणि रात्री ठाण्याच्या एका मोठ्या ग्रुपवर फोटो टाकला. स्टीलच्या वाटीत आमटी, आणि तिच्यात काळपट तपकिरी, चकचकीत, कडा आत वळलेलं काहीतरी. शिजून फुगलेलं आमसूल फ्लॅशच्या उजेडात कसं दिसतं ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याला कोथिंबिरीची एक बारीक काडी चिकटली होती, ती नेमकी झुरळाच्या मिशीसारखी. वर लिहिलं होतं, ‘जेवणात झुरळ! ठाणेकरांनो, सावधान.’ खाली केंद्राचं नाव, पत्ता, आणि गुगलवरून उचललेला आईचा काउंटरवरचा फोटो.

सकाळी आम्ही पाहिलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. कुणी म्हणत होतं मलाही तिथलं खाऊन जुलाब झाले, कुणी म्हणत होतं हे लोक महिनामहिना तेल बदलत नाहीत. एकाने कळकट स्वयंपाकघराचा फोटो जोडला आणि ‘हे बघा आतलं दृश्य’ असं लिहिलं. त्या फोटोतल्या फरशा हिरव्या होत्या. आमच्या गाळ्यात पांढऱ्या आहेत, पहिल्या दिवसापासून. नागपूर, कोल्हापूरकडच्या लोकांनी गुगलवर एकेक तारा दिला, ज्यांनी नौपाडा आयुष्यात पाहिला नसेल. त्या सगळ्या गर्दीत एका गृहस्थांनी एवढंच विचारलं, ‘हे आमसूल तर नाही ना?’ त्यांना उत्तर मिळालं, ‘तुला किती पैसे दिले?’ मग ते गप्प बसले. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांचा एक प्रश्न मला त्या शेकडो कॉमेंटींपेक्षा मोठा वाटतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. एका ऑफिसातून फोन आला, ‘काकू, आमचा तुमच्यावर विश्वास आहे, पण स्टाफ ऐकत नाही.’ मग दुसऱ्या ऑफिसातून. लोकमान्य नगरला राहणाऱ्या आमच्या मावशी सकाळी आणखी एका घरी स्वयंपाक करायच्या, तिथून त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांचा ना फोटोत चेहरा होता, ना पोस्टमध्ये नाव. लोकांनी आईला शिक्षा करायची ठरवली आणि ती मावशींच्या पगारातून वसूल झाली.

कुणीतरी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही केली. ती मात्र योग्य वाट होती, त्याचा आम्हाला राग नाही. अधिकारी आले, तेल पाहिलं, पाणी कुठून येतं ते पाहिलं, नमुना घेतला. एका कामगाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र जुनं झालं होतं, ते नवीन करा म्हणाले. नमुन्यात काही निघालं नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात नमुन्याचे चार भाग करायला सांगितलेत. एक विश्लेषकाकडे जातो, बाकीचे राखून ठेवतात, कारण दुकानदाराला अहवाल पटला नाही तर त्याला फेरतपासणी मागता यावी. सुधारणा नोटीस द्यायची तर किमान चौदा दिवसांची मुदत देतात. ग्राहकालाही फी भरून स्वतः नमुना तपासून घेता येतो, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. म्हणजे वाटीतलं ते काय आहे हे ठरवायची सोय त्या बाईंच्या हाताशी होती. आमचा अहवाल आल्यावर आम्ही तो त्याच ग्रुपवर टाकला. तो कुणी पुढे पाठवला नाही. बाईंनी पोस्ट काढली, दिलगिरीचा एक शब्द न लिहिता. स्क्रीनशॉट अजून फिरतात. आई आता आमटीत चिंच घालते. मला ते अजिबात मान्य नाही, पण केंद्र तिचं आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं ते माझ्या चुलतभावाचं वागणं. दादा कळव्याला राहतो. लहानपणापासून आमच्याकडची आमटी भुरके मारत प्यायलाय. त्याने ती पोस्ट शेअर केली आणि वर लिहिलं, ‘आमच्या घरचंच आहे, तरी सांगतो. चूक ती चूक.’ त्यावर त्याला वाहवा मिळाली. आईला एक फोन करून ‘काकू, काय झालं?’ एवढं विचारायला त्याला जमलं नाही. अजूनही विषय निघाला की तो पालघरचं उदाहरण देतो. २०१२ च्या नोव्हेंबरात, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, एका मुलीने फेसबुकवर मत लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलमच रद्द केलं. दादा म्हणतो, बघ, लोकांना बोलू दिलंच पाहिजे.

बोलू द्यावंच. ती अटक अन्यायच होती. पण त्याच प्रकरणात जमावाने त्या मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला होता, हे दादा कधीच सांगत नाही. ज्या माणसाने एक अक्षर लिहिलं नव्हतं त्याचा दवाखाना. दादाला त्या गोष्टीतली पोलिसांची चूक दिसते, जमावाची दिसत नाही, कारण जमावात उभं राहायला त्याला आवडतं. दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. ती पोस्ट अजून तुझ्या प्रोफाइलवर आहे. काढ.

तुमचा कायद्याचा प्रश्न राहिला. ६६अ गेलं तरी बदनामी हा गुन्हा आहेच. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पण मी खरंच बोललो’ एवढं तिथे पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आणि मजकूर दुसऱ्याचा होता म्हणून शेअर करणारा आपोआप सुटत नाही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आम्हालाही वकिलांनी हेच सांगितलं होतं. आई नको म्हणाली, कोर्टात तोच फोटो पुन्हा सगळ्यांसमोर येईल म्हणून.

एक मात्र सांगायलाच हवं. समोरचा बिल्डर, पुढारी किंवा मोठी कंपनी असेल, तक्रारींना कुणी दाद देत नसेल, किंवा एखादी बाई तिच्यावर गुदरलेलं सांगत असेल, तर जाहीर बोलण्यावाचून इलाज नसतो आणि त्यांना ‘आधी आयोगाकडे जा’ म्हणायचा मला हक्क नाही. माझा राग आहे तो एका गाळ्यावर पोट असलेल्या माणसाच्या अंगावर अख्खं गाव सोडण्याबद्दल.

तुमचा दुरुस्तीवाला लबाड असेलही. ग्रुपवर लिहायचंच असेल तर तारीख लिहा, किती पैसे दिले ते लिहा, बिलाचा फोटो टाका, तुम्ही त्याला काय विचारलं आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. चेहरा नको, काउंटरवरच्या पोराचा तर नकोच. आणि पैसे परत मिळाले तर त्याच पोस्टमध्ये, वरच्याच ओळीत, तसं लिहा.