खंड म्हणजे भाग की तुटणं?

विचारणा अशी : सर्बियन साहित्याच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणताना 'पिरियड'साठी युग लिहावं, पर्व की कालखंड? आणि ती आखणी करण्याला 'कालखंडीकरण' म्हणावं का?

दुसऱ्याचं आधी सांगतो. 'कालविभाजन' हा रुळलेला शब्द हाताशी असताना कालखंडीकरण कशाला? जिभेला उगाच व्यायाम.

'युग' मला इथे नको वाटतं. एक संपल्याशिवाय दुसरं लागत नाही असा त्याचा थाट असतो. पर्वाचंही तेच. 'कालखंड' घ्या, पण जपून. खंड म्हणजे भाग, तसंच खंड म्हणजे तुटणंही. पावसाने खंड दिला म्हणतो ना, तसं. साहित्याची परंपरा मध्येच तुटली की नाही, हा सर्बियन अभ्यासकांचा वाद नेमका या दुसऱ्या अर्थापाशी अडतो. १४५९ मध्ये स्मेदेरेवो ही राजधानी तुर्कांच्या हाती गेली आणि सर्बियन राज्य बुडालं. आपण यादवकाळ, शिवकाळ, पेशवेकाळ अशी राजवटींची नावं साहित्याला डकवतो. तिथे पुढची कित्येक शतकं डकवायला स्वतःची राजवटच नव्हती. योवान स्केरलिच या समीक्षकाने १९१४ च्या आपल्या साहित्याच्या इतिहासात 'नवं' साहित्य अठराव्या शतकापासून धरलं, जुन्या धार्मिक साहित्याशी त्याचा सांधा मानला नाही. लेखक मिलोराद पाविचने १९७० मध्ये सतराव्या-अठराव्या शतकांतल्या बरोक, म्हणजे अलंकारांनी नटलेल्या शैलीच्या, साहित्याचा जाडजूड इतिहास लिहिला. म्हणजे खंड पडला म्हणत होते, तिथेच त्याने एक खंड उभा केला!

भाषेवरून रेघ ओढावी, तर १८४७ साल सोयीचं. भाषासुधारक वुक काराजिचने लोकांच्या बोलीत केलेला बायबलचा नवा करार, कवी न्येगोशचं महाकाव्य, ब्रांको रादिचेविचच्या कविता, सगळं त्याच वर्षी छापून आलं. पण त्याच्या शंभर वर्षं आधी व्हेन्त्स्लोविच नावाचा धर्मगुरू साध्या बोलीत प्रवचनं लिहीत होता. ती हस्तलिखितातच राहिली, म्हणून रेघ सरळ दिसते इतकंच.

लोकगीतांची तर वेगळीच तऱ्हा. या गीतांचा लाडका वीर मार्को क्राल्येविच १३९५ मध्ये लढाईत पडला. त्याच्या मरणाचं गाणं वुकने फिलिप विश्निच या आंधळ्या गायकाकडून उतरवून घेतलं ते १८१५ च्या सुमाराला. ते गाणं कुठल्या कालखंडाखाली घालणार? तुमच्या लेखात अशा गीतांचं स्वतंत्र प्रकरण असेल, तर तिथे कालखंड लिहूच नका. 'मौखिक परंपरा' पुरे.