पहिलं परीक्षण दाखवताना नुसतं ‘कसं वाटलं?’ विचारू नका

तुमची पोस्ट वाचली आणि पंधरा वर्षांपूर्वीची मीच डोळ्यांसमोर आले. फ्रेडरिक फॉरसाइथ यांच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ या इंग्रजी थरार कादंबरीवर आयुष्यातलं पहिलं परीक्षण लिहिलंय, भावाला दाखवलं, मैत्रिणींना पाठवलं, सगळे ‘मस्त’ म्हणाले, तरी काहीतरी बिनसलंय असं वाटतंय, स्पष्ट सांगा, असं तुम्ही म्हणताय. म्हणून सांगते. मी काही समीक्षक नाही, वाचनालयात रविवारी पुस्तकं देवघेव करणारी बाई आहे. पटेल तेवढं घ्या.

पानं, प्रकाशन, लेखक-परिचय हे सगळं तुम्ही नीट दिलंय. त्यावर बोलत नाही. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक सांगते, कारण तीच तुमच्या लेखात दिसतेय.

माझं पहिलं परीक्षण एका नव्या मराठी रहस्य कादंबरीवर होतं. खुनी कोण हे मी लिहिलं नव्हतं, त्याचा मला अभिमानच होता. पण एक वाक्य होतं: ‘घरमालकीणबाईंचं पात्र इतकं सोज्वळ रंगवलंय की वाचक फसतो.’ हे वाक्य मी दहा वेळा वाचलं असेल, मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. मला शेवट माहीत होता ना! ज्याला शेवट माहीत नाही त्याच्यासाठी त्या ‘फसतो’ या एका शब्दात अख्खी कादंबरी संपली होती.

घरी दोघातिघांना दाखवलं होतं. सगळे म्हणाले, छान लिहितेस. मग वर्तमानपत्राच्या एका पुरवणीच्या कार्यालयात पाठवलं आणि सोबत चिठ्ठी लिहिली की हा पहिलाच प्रयत्न आहे, छापण्याआधी कोणीतरी नजर टाकून काय चुकतंय ते कळवा. चार महिने काही नाही. फोन केला की ‘साहेब बसले नाहीत’, ‘पुढच्या आठवड्यात बघतो’. मग एका रविवारी न कळवता छापून आलं, तेही खालचा तिसरा हिस्सा कापून. म्हणजे भाषा, संवाद, तपासातल्या त्रुटी यांवरचं माझं म्हणणं गेलं आणि कथानक तेवढं राहिलं. ते वाक्यही राहिलं. चूक माझीच होती, ती मी कोणावर ढकलत नाही. पण छापण्याआधी एका माणसाने ते मन लावून वाचलं असतं तर तिथेच पेन्सिल थांबली असती. नंतर दुरुस्ती छापा म्हणून गेले तर उत्तर आलं, ‘आलंय ना छापून, मग आता काय?’ आजही ते आठवलं की जिवाला लागतं.

पुढचा रविवार मी विसरणार नाही. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेले, रहस्यकथा म्हणजे जीव की प्राण. त्या कादंबरीसाठी त्यांनी नंबर लावला होता, आदल्याच आठवड्यात त्यांना ती मिळाली होती. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. चाळिसाव्या पानाच्या आसपास एसटीचं तिकीट खूण म्हणून तसंच होतं. म्हणाले, ‘बाई, तुमचं लिखाण वाचलं. आता ती घरमालकीण चहा घेऊन आली की मी तिच्या हातांकडेच बघतो.’ रागावले नाहीत. पुस्तक जमा करून दुसरं घेऊन गेले.

आता तुमच्या लेखाकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘शेवट सांगत नाही,’ आणि सहाव्या परिच्छेदात तो भाडोत्री मारेकरी, जॅकल, शेवटच्या दिवशी पोलिसांचं कडं ओलांडून आत कसा जातो ते सांगून टाकलंय. तुम्हाला वाटलं असेल की ज्यांना मारायची सुपारी त्याने घेतलीय ते फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल प्रत्यक्षात मारले गेले नाहीत हे जगाला ठाऊक आहे, मग लपवायचं काय? बरोबर आहे. ते 1970 मध्ये आपल्या घरी वारले आणि कादंबरी आली 1971 मध्ये. लेखकाने तो पत्ता पहिल्यापासून उघडाच ठेवलाय. म्हणूनच या पुस्तकाचं कुलूप ‘कोण’वर किंवा ‘काय झालं’वर नाही, ‘कसं’वर आहे. ‘कसं’ सांगितलंत की गेलं. ‘खुनी कोण’च्या कादंबरीत हेच उलटं असतं, तिथे पद्धत थोडी सांगितली तरी चालते. प्रत्येक पुस्तकाचं कुलूप कुठे आहे हे आधी ठरवा, मग लिहायला बसा.

दुसरं, तुमच्या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग कथासार आहे आणि उरलेल्यात ‘खिळवून ठेवणारी’, ‘उत्कंठावर्धक’, ‘एका बैठकीत संपवली’. हे शब्द खोडा. त्याऐवजी आर्देनच्या जंगलातला तो प्रसंग घ्या, ज्याचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केलाय: खास बनवून घेतलेल्या बंदुकीची जॅकल खरबुजावर चाचणी घेतो. तिथे माणूस मरत नाही, तरी अंगावर काटा येतो. का येतो? स्मशानात जाऊन लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव शोधून त्याच्या नावावर पासपोर्ट काढणं इतक्या थंडपणे, एखाद्या कारकुनी कामासारखं का लिहिलंय? फॉरसाइथ रॉयटर्सचे पॅरिसमधले वार्ताहर होते, ती बातमीदाराची भाषा इथे कशी कामाला आली? यावर तुमचं स्वतःचं मत आलं की परीक्षण झालं. बाकीचं आपोआप आखडतं.

आणि अभिप्राय कोणाकडून घ्यायचा? माझं मत ठाम आहे, कोणाला पटणार नाही कदाचित. दोनच माणसं पुरेत: एक, ज्याने पुस्तक वाचलंय आणि एक, ज्याने वाचलेलं नाही. वाचलेल्याला विचारा, ‘मी लेखकावर कुठे अन्याय केलाय?’ न वाचलेल्याला लेख देऊन विचारा, ‘पुढे काय होईल असं वाटतं? संशय कोणावर जातो?’ त्याचं उत्तर बरोबर आलं तर कुठल्या शब्दावरून आलं ते त्यालाच दाखवायला सांगा आणि तो शब्द काढा. माझा ‘फसतो’ असाच सापडला असता. घरच्यांना दाखवू नका असं म्हणत नाही, पण ते तुमच्यावर प्रेम करतात, लेखावर नाही.

जाता जाता: पहिलं वाचन चालू असतानाच पान क्रमांकासह टिपणं ठेवा, कोणावर संशय आला तेही लिहा. एकदा शेवट कळला की तो पहिला भोळेपणा परत मिळत नाही आणि परीक्षणाला तोच लागतो. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव ठळक द्या, तुमच्या लेखात ते नाही आणि मला ते फार खटकलं. कुठे छापायला पाठवलंत तर ‘कापायचं असल्यास आधी विचारा’ असं लेखी कळवा. ऐकतीलच याची खात्री देत नाही.

सहावा परिच्छेद काढून आणि खरबुजाचा वाढवून दुसरा खर्डा इथेच टाका. मी पुस्तक वाचलेलं आहे, त्यामुळे निम्मंच काम करू शकेन. न वाचलेलं कोणी इथे असेल तर त्यांनी हात वर करावा.