पन्नाशीनंतर धर्म शिकायला कॉलेजात जावं का?

"मॅडम, या वयात कॉलेजात जाणं शोभेल का?" मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे नेहमीचाच. हल्ली त्याला एक शेपूटही असतं: "आणि तेही धर्म शिकायला?"

मुलं मार्गी लागलेली असतात, घराचं कर्ज फिटलेलं असतं, नोकरी संपत आलेली असते किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेली असते. एखादीला पाली शिकून तिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ धर्मग्रंथ, मुळातून वाचायचं असतं, एखाद्याला उपनिषदं. घरचे धास्तावतात, बाबांना वैराग्य आलं की काय! आणि विचारणाऱ्याला स्वतःला वाटत असतं, पाठांतर जमेल का, वर्गातली पोरं काय म्हणतील?

वयाची काळजी मी ऐकून घेते, पण तिच्यावर फार वेळ घालवत नाही. भारतीय विद्या (इंडॉलॉजी) किंवा पाली घेऊन एम.ए. करायला कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि या वर्गांत पिकल्या केसांची मंडळी नेहमीच दिसतात. तिशीतली मुलंच त्यांच्याकडून वही मागून नेतात. माझा अनुभव असा की वय ही चारचौघांत सांगायला सोयीची अडचण आहे. खरी अडचण सांगताना जीभ अडखळते.

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्ती घेतलेले त्रेपन्न वर्षांचे एक इंजिनियर माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तीन पिढ्यांची वारी, ऐंशी ओलांडलेल्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. एम.ए.चं पहिलं सत्र उत्तम पार पडलं. दुसऱ्या सत्रात झोप उडाली, पुस्तक हातात धरवेना.

"वय झालं, मॅडम. डोक्यात शिरत नाही."

"काय शिरत नाही? संस्कृत?"

"नाही, ते जमतंय."

"शिलालेख?"

"त्यात तर मजा येते."

शेवटी निघालं ते एकच पुस्तक. प्राध्यापकांनी लोकसंस्कृतीचे संशोधक रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या 1984 सालच्या ग्रंथावर निबंध लिहायला सांगितला होता. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, पुढे त्याचं वैष्णव रूप घडत गेलं, अशी मांडणी ढेऱ्यांनी पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवासारखे दाखले देत केली आहे. दहा पानं झाली की हे गृहस्थ पुस्तक मिटायचे.

"म्हणजे वय फक्त या एका पुस्तकालाच आडवं येतं?" मी विचारलं. ते हसले. मग म्हणाले, त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, अण्णांना, म्हणजे वडिलांना, दिसू नये म्हणून.

"दिसलं तर?"

"त्यांना वाटेल, पोरगा देव मोडायला निघाला."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे खरं निघालं, तर आजवरची वारी फुकट गेली."

या वाक्यासाठीच मी थांबले होते. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं काम करणारी मी. त्या वाटेचं मूळ एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञापर्यंत जातं: माणूस घटनेनं नव्हे, तिच्याकडे ज्या नजरेनं बघतो त्यानं अस्वस्थ होतो. त्यामुळे अशा वेळी लगेच धीर द्यायचा मोह मी आवरते आणि वाक्यात दडलेली अट शोधते. इथली अट अशी होती: देवाच्या इतिहासाची खात्री पटली तरच माझी भक्ती खरी. ही अट ना ढेऱ्यांनी घातली होती ना प्राध्यापकांनी. वडिलांनी तर मुळीच नाही.

"पहिल्यांदा वारीला गेलात तेव्हा केवढे होतात?"

"अकरा वर्षांचा."

"दिवेघाट चढताना विठ्ठलाचं मूळ काय ते ठाऊक होतं?"

"छे! अण्णांचं बोट धरलेलं आणि पुढे पताका."

"मग जे ठाऊक नसताना वारी झाली, ते ठाऊक झाल्यावर ती फुकट कशी जाते?"

त्या दिवशी उत्तर आलं नाही. पुढच्या भेटीत खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, माझी श्रद्धा विठ्ठलावर होती की त्याच्याबद्दल सांगितलेल्या गोष्टींवर, हे मी कधी बघितलंच नव्हतं."

इतकी वर्षं या खुर्चीत बसल्यावर एक कळलं आहे: असं वाक्य आपण त्यांच्या तोंडी घालू गेलो तर ते दोन दिवस टिकत नाही. त्यांचं त्यांना सुचलं की कामाला येतं. मी फक्त प्रश्न नीट विचारला होता. तेवढं श्रेय मात्र घेते.

त्यांना मी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची आठवण करून दिली. धर्मपंथांच्या इतिहासाची कठोर चिकित्सा करणारे हे विद्वान प्रार्थना समाजात तुकोबांच्या अभंगांवर प्रवचनं द्यायचे. त्यांच्या नावाची पुण्यातली संशोधन संस्था 1917 सालची. जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली तीही 1917 सालीच. एकीकडे पोथ्यांतले पाठभेद तपासणारे, दुसरीकडे ज्ञानेश्वरी पाठ करणारे, आणि मध्ये फार तर तासा-दीड तासाचा प्रवास. दोन्हीकडे मन लावून शिकणारी माणसं आहेत. तुम्हाला काय हवंय, हे मात्र प्रवेश अर्ज भरण्याआधी ठरवावं लागतं. कीर्तन करायचं असेल तर आळंदी. ग्रंथ कधी रचला गेला, कुणी जपला, त्यात भर कुणी घातली, हे पाहायचं असेल तर विद्यापीठ. विद्यापीठात जाऊन समाधान मागणारे आणि पुरावा मिळाला म्हणून रुसणारे मला दरवर्षी भेटतात.

श्रद्धा जशीच्या तशी राहील, असं आश्वासन मी कुणाला देत नाही. या गृहस्थांची बदलली. आरतीतली अठ्ठावीस युगं ते अजूनही म्हणतात, फक्त त्यांचा हिशेब आता मांडत नाहीत. निबंध लिहिला, वडिलांनाही सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि परीक्षा कधी आहे तेवढं विचारलं.

तुम्ही निघाला असाल तर लगेच एम.ए.ची उडी घेऊ नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागात प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, आधी अशा छोट्या अभ्यासक्रमाला बसून बघा. घरच्यांशी पैसे आणि वेळ यांबद्दल स्पष्ट बोला. वैराग्याची शंका बहुतेकदा त्या दोन प्रश्नांचं सोवळं रूप असतं, कारण बायको 'पैसे किती लागणार' असं न विचारता 'आता भगवी घालणार का' असं विचारते. आणि कृपा करून पहिल्याच सत्रात मेहुण्याच्या घरच्या सत्यनारायणाला जाऊन पोथीचा काळ काढत बसू नका. नव्या विद्यार्थ्यांना ही खोड हमखास लागते, आणि मग नातेवाईक माझ्याकडे येतात.

एका परिस्थितीत मात्र मी 'थांबा' म्हणते. जवळचं माणूस नुकतंच गेलंय आणि 'ते कुठे गेलं' याचं उत्तर वर्गात मिळेल, या आशेनं कुणी निघालं असेल तर. वर्गात मरणाबद्दल कुठल्या ग्रंथात काय म्हटलंय ते शिकवतील, त्यावर सोळा गुणांचा प्रश्नही येईल. तुमच्या माणसाबद्दल तिथे कुणी बोलणार नाही. ते बोलणं आधी होऊ द्या, माझ्याकडे किंवा तुम्हाला मोकळं वाटेल अशा कुणाकडेही. प्रवेश पुढच्या वर्षीही मिळतो.