लंडनहून आलेली वाघनखं शिवाजी महाराजांचीच का? कोल्हापुरात यावरून एवढा वाद का झाला?

खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. खुद्द व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच तसं म्हणतं. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथला इंग्रज कंपनीचा प्रतिनिधी, ग्रँट डफ ती घेऊन गेला. सोबतच्या डबीवर लिहिलंय, याच वाघनखांनी शिवाजींनी 'मुघल सेनापती'ला मारलं. आता अफझलखान आदिलशाहीचा, हे आपल्याकडं चौथीतलं पोरगंही सांगंल! कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही जाहीर आक्षेप घेतला होता. त्यावर कट्ट्यावर दोन तट: एक म्हणतो, पुरावा दाखवा, दुसरा म्हणतो, शंका घेणं हाच अपमान. मला पहिल्यांचं पटतं. तरी 2024 ला साताऱ्यात आली तेव्हा मी बघून आलोच. काचेपुढं लोक चप्पल काढून हात जोडत होते.